हप्त्याचा महिना: मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका कर्जाचा प्रकरण अभ्यास

२०२१ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थी तोंडावर आलेली असताना, मासळी विकणाऱ्या एका मावशीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर उघडला. आत रेशनकार्ड, लेकाच्या आयटीआयची फीपावती, कानातली जोडी गहाण ठेवल्याची पतसंस्थेची पावती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन फायनान्स कंपन्यांची कर्जकार्डं. कार्डांना सुक्या मासळीचा वास लागला होता. जून, जुलै आणि ऑगस्टच्या चौकटी कोऱ्या होत्या.

मी पंधरा वर्षं बचत गटांच्या हिशोबाच्या वह्या तपासते आहे. कर्ज थकलेलं पाहणं मला नवं नाही. पण ही बाई थकबाकीदार होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. गटाची बैठक तिने एकदाही चुकवली नव्हती, वहीतली बेरीज ती तोंडी करते, आणि दारूपायी घर बुडालं अशातलाही प्रकार नव्हता. म्हणून या एका कर्जाच्या मुळाशी जायचं ठरवलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि वाडी देत नाही. आकडे तिच्या कार्डांवरचे आणि गटाच्या वहीतले आहेत.

घर आणि धंदा

मावशी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत घर. नवरा रापणीत वाटेकरी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांनी तीस-चाळीस जणांनी ओढून आणायचं. मिळेल त्याचे वाटे पडतात. मिळालंच नाही तर वाटाही नाही. मावशी सकाळी लिलावात मासळी घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन, अलीकडे रिक्षाने, आतल्या गावांत विकते. मार्चपासून मासळी सुकवते: खारा बांगडा आणि गोलमो, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचा जवळा. चार किलो ताज्या गोलम्याचा सुकून जेमतेम एक किलो उरतो, पण मे महिन्यात आगोटीच्या बाजारात त्या एका किलोला चांगला भाव येतो. पावसाळ्याची बेगमी भरायला घाटाखालची सगळी गावं तेव्हा बाहेर पडलेली असतात.

तिच्यासोबत बसून आम्ही घराची वर्षाची मिळकत महिन्यागणिक मांडली. ऑक्टोबर ते मे, नवरा-बायको मिळून महिन्याला साधारण २०,००० रुपये. जूनमध्ये ६,०००, जुलैमध्ये ३,०००, ऑगस्टमध्ये ५,०००, सप्टेंबरमध्ये १२,०००. वर्षाचे १,८६,०००. घरखर्च हंगामात महिन्याला १२,००० च्या आसपास. पावसात हात आखडला तरी ९,००० लागतातच. जूनला शाळा-कॉलेज, त्याआधी घराची शाकारणी, आणि मग चतुर्थी. कोकणात चतुर्थीचा खर्च टाळता येतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा इथे येऊन राहावं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असते. मासळीच्या विणीचा तो काळ, त्यामुळे बंदी योग्यच आहे. बिगरयांत्रिकी होड्यांना कायद्याने मोकळीक आहे, पण त्या दिवसांत दर्याच कोणाला आत घेत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या पाण्यात जायला लागतात. हाती पैसा खेळायला मात्र गणपती जावे लागतात.

पहिलं कर्ज, जे खरोखर कामाला आलं

२०१८ पर्यंत मावशी सकाळच्या लिलावात उधारीने माल घ्यायची. रोखीने २,००० ला मिळणारी मासळी दलालाकडून उधारीवर २,१०० ला मिळे. पैसे संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी. शंभर रुपये म्हणजे काही फार नाही असं वाटतं. पण महिन्यात वीस दिवस धंदा धरला तर हे २,००० रुपये होतात. शिवाय उधारी असली की घासाघीस करता येत नाही, दलाल देईल ती पाटी उचलावी लागते.

१९७६ मध्ये बांगलादेशातल्या चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांना नेमकं हेच दिसलं होतं. बांबूची स्टुलं विणणारी बाई बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पैसे उचलायची आणि स्टुलं त्यालाच, त्याच्याच भावाने द्यायची. तिथल्या ४२ जणांची सगळी देणी मिळून अवघी २७ डॉलर निघाली. युनूस यांनी ती खिशातून दिली. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये त्यांना आणि बँकेला मिळून शांततेचं नोबेल मिळालं. छोट्या कर्जाचं मूळ तत्त्व त्या स्टुलात आहे: गरिबाकडे कसब असतं, बाजार असतो, फक्त सकाळचा पैसा नसतो, आणि त्या एका कमतरतेपायी त्याच्या कसबाचा मोबदला दुसरा खातो.

मावशीला हा सकाळचा पैसा नोव्हेंबर २०१८ मध्ये एका फायनान्स कंपनीने दिला. ४०,००० रुपये, दोन वर्षं मुदत, शिल्लक रकमेवर वर्षाला २४ टक्के व्याज, महिन्याला २,११५ रुपये हप्ता. पाच जणींचा गट, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. तारण नाही, सातबारा नाही. अर्ज केल्यापासून आठवड्याभरात पैसे खात्यात.

हे मोल मी कमी लेखणार नाही. त्याआधी ती एका बँकेत गेली होती. तिथे होडी कोणाच्या नावावर आहे, जमीन किती, असं विचारलं गेलं. मासळी विकणाऱ्या बाईच्या नावावर होडी नसते, पाटी असते. ज्यांच्या व्याजदराला आपण नावं ठेवतो त्या फायनान्सवाल्याने तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात येऊन, मांडी घालून बसून, तिला कर्ज द्यायच्या लायकीचं मानलं. बँकेच्या काउंटरवर ताटकळलेल्या बाईला याची किंमत कळते.

आणि हिशोब जुळत होता. रोखीने माल घेतल्यावर महिन्याला जे २,००० वाचत होते त्यातूनच जवळजवळ सगळा हप्ता फिटत होता. डिसेंबर ते मे असे सहा हप्ते तिने ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी तयार ठेवले. २४ टक्के हा दर ऐकायला मोठा आहे, पण दलालाच्या शंभर रुपयांपुढे तो काहीच नाही. दोन हजारांवर दिवसाला शंभर म्हणजे दिवसाचे पाच टक्के.

जून आला

पण वाचलेल्या पैशातून हप्ता फेडायचा तर आधी मासळी यायला हवी. जून २०१९ मध्ये लिलाव थांबला आणि वाचवायला काही उरलं नाही. हप्ता मात्र महिन्याच्या बारा तारखेला होताच. जून, जुलै, ऑगस्ट मिळून ६,३४५ रुपये. मावशीने कानातली जोडी पतसंस्थेत ठेवली आणि १५,००० उचलले. त्यात हप्ते गेले, लेकाची फी गेली, चतुर्थी झाली.

सप्टेंबरनंतर ती जोडी सुटायला हवी होती. पण त्या वर्षी ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं आणि पाठोपाठ महा नावाचं दुसरं. होड्या बंदरातच राहिल्या आणि ऑक्टोबरचा हंगाम हातचा गेला. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या कंपनीचा माणूस वाडीत फिरत होता. त्याने ३०,००० दिले, हप्ता १,५८६. मावशीने त्यातून उसने फेडले, पतसंस्थेचं व्याज भरलं आणि उरलेले धंद्यात घातले. माझ्या मते प्रकरण इथे वळलं. पहिलं कर्ज मासळीसाठी होतं. दुसरं पहिल्याच्या पावसाळ्यासाठी.

मी तिला विचारलं, मावशी, तू दुसरं का घेतलंस? ती म्हणाली, "हप्तो वायट नाय गो बाय, हप्त्याचो म्हयनो वायट. दर्यात होडी नाय, मगे पैशे खंयसून येतले?"

तिच्या या वाक्याने मला कंपनीच्या कागदातली चूक दाखवली. कंपनीने कर्ज देताना वर्षाची मिळकत विचारून बाराने भागली होती. १,८६,००० चे बारा भाग केले की महिना १५,५०० येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार महिन्याचे सगळे हप्ते मिळून घराच्या मिळकतीच्या निम्म्याच्या आत असावे लागतात. त्या मापानेसुद्धा ७,७५० पर्यंतचा हप्ता तिला झेपतो असं कागद म्हणेल. दोन्ही कंपन्यांचे मिळून होते ३,७०१. कागदावर मावशी एकदम सुरक्षित. जुलैमध्ये तिच्या घरात येतात ३,००० आणि लागतात ९,०००. सरासरी काढली की पावसाळा दिसेनासा होतो, आणि तिचं सगळं संकट त्या पावसाळ्यातच आहे.

थांबलेले हप्ते, न थांबलेलं व्याज

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. वाडीत ही बातमी ‘हप्ते माफ’ अशी पोचली. माफ काहीच नव्हतं. मावशीचे पहिल्या कर्जाचे तेव्हा १७,२६० आणि दुसऱ्याचे २६,९८० बाकी होते. महिना दोन टक्क्यांनी सहा महिन्यांत त्यावर ५,३०० रुपये चढले. तिला ते सप्टेंबरमध्ये कार्डावरची मुदत लांबलेली पाहून कळलं. सवलत गरजेची होती, तिच्यासारख्या हजारो घरांना तिने त्या उन्हाळ्यात तगवलं, पण ती समजावून सांगायला कोणी आलं नाही.

२०२०-२१ चा हंगाम बरा गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पहिल्या कंपनीने ५०,००० चं नवं कर्ज देऊ केलं. जुन्यातले ८,४०० आणि शुल्क-विमा वजा होऊन ४०,००० हातात आले. हप्ता २,६४३. दुसऱ्या कंपनीचा धरून महिन्याला ४,२२९. मावशीचा बेत अगदी बिनचूक होता: मार्च-एप्रिलमध्ये स्वस्तात मासळी घ्यायची, सुकवायची, मेमध्ये आगोटीला विकायची आणि पावसाळ्याचे चार हप्ते आधीच बाजूला काढायचे. म्हणजे जूनची तजवीज करायचीच म्हणून तिने हे कर्ज घेतलं होतं. ३२,००० ची मासळी आणि मीठ घेतलं. दोन महिने खळ्यात जाळी पसरून, कावळ्या-कुत्र्यांवर नजर ठेवून, दर दोन तासांनी उलटीपालटी करून तिने तो माल वाळवला.

मेमध्ये पुन्हा निर्बंध होते, आठवडा बाजार बंद. थोडाफार माल घरोघरी गेला. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला सरकलं. सूचना आदल्या दिवसांपासून होती. मावशीने पोती माळ्यावर चढवून ताडपत्रीने बांधली होती. दुपारी पडवीचे पत्रे उडाले आणि पाऊस थेट माळ्यावर. घरात तेव्हा २४,००० चा माल होता. भिजलेला गोलमो दोन दिवसांत काळा पडतो आणि त्याचा उबट वास घरभर राहतो. १६,००० चा माल त्यांना किनाऱ्यावर खड्डा करून पुरावा लागला.

पंचनामा झाला. घराचे पत्रे लिहिले गेले. सुक्या मासळीसाठी कागदावर जागा नाही असं तिला सांगण्यात आलं. होडी गेली असती, जाळं गेलं असतं, तर रकाना होता.

चौघी

आता जो भाग आहे तो लिहिताना मला त्रास होतो, कारण चौघींनाही मी ओळखते.

जून आणि जुलैचा पहिल्या कंपनीचा हप्ता गटातल्या चौघींना भरावा लागला. एकूण ५,२८६, म्हणजे प्रत्येकीला १,३२० च्या आसपास. त्यांच्याही घरात जूनच होता. एकीने कोंबड्या विकल्या. दुसरीने नवऱ्याला न सांगता भिशीचे पैसे आणून दिले आणि तो बोल तिला वर्षभर ऐकावा लागला. मावशीची शेजारीण, जिच्या लेकीच्या लग्नात मावशीने आठ दिवस राबून काम केलं होतं, तिने बोलणं टाकलं.

सामूहिक जबाबदारी ही छोट्या कर्जाची मोठी युक्ती मानली जाते, आणि ती आहेही. कोण मेहनती, कोणाचा धंदा खरा, हे कंपनीपेक्षा शेजारणीला जास्त ठाऊक असतं. त्या माहितीवर तारणाशिवाय कर्ज देता येतं. एकट्या बाईवर संकट आलं तर चौघी तोलून धरतात हेही खरं. पण समुद्र एकटीचा बंद होत नाही. वादळ पाचही घरांवरून गेलं होतं. पाचही जणी एकाच दर्यावर जगत असतील तर एकमेकींना जामीन राहणं म्हणजे एकाच होडीतल्या पाच जणींनी एकमेकींना धरून बसणं. होडीच कलली तर धरून काय उपयोग?

दुसऱ्या कंपनीचा गट तोवर मोडलाच होता, म्हणून तिचा माणूस घरी यायला लागला. तो शिवीगाळ करत नव्हता. खळ्यात खुर्ची मागून घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. येणारे-जाणारे बघायचे. मावशीच्या नवऱ्याने त्या दिवसांत घरी जेवायला येणं सोडलं. पुढे २०२२ च्या नियमांनी यावर बंधनं आणली: वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी व्हावी, कर्जदार तिथे सलग दोनदा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जावं, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नये. हे नियम प्रत्येक वाडीच्या समाजमंदिरात भिंतीवर लिहायला हवेत असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट. ५ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेने कोविडने अडचणीत आलेल्या लहान कर्जदारांची कर्जं नव्याने बांधून द्यायची सोय जाहीर केली होती. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत ती मागता येत होती. मावशीचं कर्ज त्यात बसण्यासारखं होतं. दोन्ही कंपन्यांच्या माणसांपैकी कोणीही तिला हे सांगितलं नाही. मला स्वतःला ते ऑक्टोबरमध्ये कळलं. ती रुखरुख अजून आहे.

पावसाळ्याची चूक नवी नाही

ग्रामीण बँकेने सुरुवातीपासून दर आठवड्याला समान हप्ता ही पद्धत बसवली. हिशोब सोपा, शिस्त कडक, वसुली चोख. जगभर आणि आपल्याकडे हीच पद्धत नकलली गेली. पण १९९८ मध्ये बांगलादेशात महापूर आला, देशाचा मोठा भाग अनेक आठवडे पाण्याखाली राहिला आणि हप्ते कोसळले. ग्रामीण बँकेने त्यानंतर आपली पद्धत मुळातून बदलली. २००२ पर्यंत नवी रचना लागू झाली: अडचणीत आलेल्या कर्जदाराला थकबाकीदार न ठरवता हप्ता लहान करून मुदत वाढवून द्यायची. पाण्याने शिकवलेला धडा त्यांनी घेतला. नक्कल करणाऱ्यांनी मात्र जुनी आवृत्तीच चालू ठेवली.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. एरिका फील्ड, रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी आणि काहींना दोन महिन्यांनी सुरू करून पाहिला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उसंत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफा जास्त राहिला. त्यांच्यात थकबाकीही वाढली, हे लपवून चालणार नाही. सवलतीचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो, आणि कंपन्या ताठर का राहतात याचं उत्तरही त्यातच आहे. भारत, मेक्सिको, मोरोक्को, मंगोलिया, बोस्निया आणि इथिओपिया इथले सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र छापले गेले तेव्हा त्यांचा सूर असा होता की छोट्या कर्जाने सरासरीने घरं गरिबीतून वर उचलली गेली नाहीत, पण लोकांना आपला पैसा आणि धंदा हाताळायला जास्त मोकळीक मिळाली. त्यातला भारतातला अभ्यास हैदराबादचा, आणि तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ होते. मावशीचं पहिलं वर्ष बघता मला हा निष्कर्ष पटतो. तिची गरिबी गेली नाही, दलाल गेला. तेही थोडं नव्हे.

आपल्याकडे २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जांवर कर्जं चढून आत्महत्या झाल्या, सरकारने अध्यादेश काढला, मग रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली, नियम आले. त्या सगळ्या चर्चेत व्याजदर आणि वसुलीची दांडगाई हे दोन मुद्दे गाजले. हप्त्याचं वेळापत्रक मागे राहिलं. खरं तर २०२२ च्या नियमांत एक कलम आहे: हप्त्यांचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचीक ठेवण्याचं धोरण प्रत्येक संस्थेने करायचं आहे. मी गेल्या तीन वर्षांत किनाऱ्यावरच्या पन्नासेक बायांना विचारलं असेल. हे कलम एकीलाही कोणी सांगितलेलं नाही.

गटाने काय केलं

मावशी ज्या बचत गटात २०१५ पासून होती तो अकरा जणींचा. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडून जो प्रयोग सुरू केला, त्याच वाटेवरचा हा एक छोटा गट. महिना १०० रुपये बचत, आपसांत कर्ज, व्याज महिना दोन टक्के. म्हणजे फायनान्सइतकंच! बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. पण हे व्याज गटाच्याच पेटीत राहतं आणि वर्षाअखेर अकरा जणींचं होतं. आणि हप्ता कधी द्यायचा हे अकरा जणी बसून ठरवू शकतात. ठरवू शकत असूनही तोवर त्यांनीही बाराही महिने सारखाच हप्ता ठेवला होता, कारण छापील वहीत बारा चौकटी होत्या.

सप्टेंबर २०२१ च्या बैठकीत मी तपकिरी कागद अंथरला आणि प्रत्येकीला आपापला महिना भरायला सांगितलं: जास्त मिळकत तिथे शिंपले, खर्च तिथे खडे. अकरा जणींपैकी नऊ मासळीच्या धंद्यातल्या. जुलैच्या चौकटीत खड्यांचा ढीग आणि एकही शिंपला नाही. काही वेळ कोणी बोललं नाही. मग वयाने सगळ्यात मोठी बाई म्हणाली, "मगे ह्या म्हयन्यात आपण एकमेकीकडसून हप्तो मागतंव तरी कित्याक?"

त्या दिवशी ठरलं ते असं. दुसऱ्या कंपनीची बाकी तोवर २२,००० वर आली होती. ती गटाने आपल्या पेटीतून एकरकमी फेडली. मावशीने गटाला ऑक्टोबर ते मे असे आठ हप्ते, प्रत्येकी ३,००० रुपये द्यायचे. जून ते सप्टेंबर हप्ता नाही. पहिल्या कंपनीचे २,६४३ चालूच राहिले. हंगामात दोन्ही मिळून ५,६४३. वाटतात जास्त, पण हंगामात घरखर्च जाऊन तिच्या हातात ८,००० उरतात. आधीचा ४,२२९ चा हप्ता कमी असूनही बुडवत होता आणि हा मोठा असून फिटला. चौघींचे पैसे तिने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत केले.

दुसरी गोष्ट बायांनी स्वतः काढली. धंद्याच्या दिवशी प्रत्येकीने ५० रुपये डब्यात टाकायचे, पिग्मीसारखे, आणि तो डबा जूनआधी फोडायचा नाही. पिग्मीची कल्पना याच पश्चिम किनाऱ्याची, उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करून सुरू केलेली. वीस दिवस गुणिले आठ महिने, प्रत्येकीचे ८,००० जमतात. बाया त्याला आगोट म्हणतात. घरात जशी तांदूळ-मिठाची आगोट भरायची, तशी पैशाची. २०२२ च्या पावसाळ्यात मावशीने पहिल्या कंपनीचे जूनपासूनचे तीन हप्ते या डब्यातून भरले. कानातली जोडी त्याच वर्षी डिसेंबरात सुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते कर्ज संपायचं होतं आणि संपलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गटाची पेटी लहान आहे. मावशीला २२,००० दिले त्या हंगामात दुसऱ्या दोघींना कर्ज नाकारावं लागलं, त्यातली एक पुन्हा फायनान्सकडे गेली. नवऱ्याच्या नावाने किसान क्रेडिट कार्ड काढायचा प्रयत्न केला. ही सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही आहे आणि वेळेवर फेडलं तर व्याज चार टक्क्यांवर येतं. पण समुद्रातल्या मासेमारीसाठी नोंदणी असलेली होडी स्वतःची किंवा भाड्याची आणि परवाना लागतो. रापणीतल्या एका वाटेकऱ्याकडे तो कागद नसतो, आणि पाटी घेऊन फिरणाऱ्या त्याच्या बायकोकडे तर नाहीच. शेजारीण अजून मावशीशी बोलत नाही. पैसे परत मिळाले तरी.

२०२३ मध्ये गटाला बँकेकडून तीन लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मिळाली, महिला गटांसाठीच्या सात टक्के दराने. लागेल तेव्हा उचलायचे, येतील तेव्हा भरायचे. मासळीच्या धंद्याला याहून योग्य कर्ज मला ठाऊक नाही. सुरुवातीला शाखेने ठरावीक हप्त्याचं कर्ज पुढे केलं होतं. शिंपले-खड्यांचा कागद बाया गुंडाळी करून घेऊन गेल्या आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर उलगडला, तेव्हा अर्ज बदलून मिळाला.

मर्यादेचं नूतनीकरण दरवर्षी होतं आणि त्याआधी खातं एकदा शून्यावर आणायला शाखा सांगते. कर्ज मंजूर झालं त्या तारखेमुळे ही वेळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. गेल्या वर्षी अकरा जणींनी आगोटीचे डबे त्यासाठी फोडले आणि पावसाळा पुन्हा उसनवारीवर काढला. नूतनीकरणाची तारीख फेब्रुवारीत न्यावी असा अर्ज मावशीने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, खाली अकरा सह्या. शाखेने तो वरच्या कार्यालयाकडे पाठवला असं सांगतात. मी दर सोमवारी फोन करते.